शाळेत वारं हाय

तपासणी हा शब्द कानावर पडला की यशोधराबाईंचा हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जायचा. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. जिल्हा परिषदेच्या नोकरीत हयात गेली, आणि आजवर जो जो साहेब तपासायला आला त्याने आधी कोपऱ्यातली जाळी बघितली, मग संडास बघितला, आणि मुलांना पाढे विचारायची वेळ आली तोवर त्याची चहाची वेळ झालेली असायची. त्यामुळे चिंचदऱ्याच्या शाळेची तपासणी करायला परवा नगरहून माणूस येतोय असा तालुक्याहून फोन आला, तेव्हा बाईंनी "कशाची?" एवढं विचारलं खरं. पलीकडून उत्तर आलं, "हवेची." बाई बरं म्हणाल्या, फोन ठेवला, पदर खोचला आणि भागूबाईला हाक मारली.

चिंचदरा हे पाथर्डीच्या अंगाचं कोरडं गाव. दिवाळी सरली की मुकादमांचे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि अर्धं गाव ऊसतोडीला निघून जातं, ते थेट उन्हाळ्यातच परततं. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेतल्या मोठ्या खोलीत हंगामी वसतिगृह चालायचं. दिवसा पोरं तिथंच शिकायची, रात्री तिथंच सतरंज्या टाकून झोपायची. त्यांना रांधून घालायला आणि रात्री सोबतीला भागूबाई असायची. ती वयानं बाईंहून मोठी, आवाजानं त्याहून मोठी, आणि पोरांच्या बाबतीत कुणाचं म्हणून ऐकायची नाही.

गेल्या हिवाळ्यात या खोलीत पोरांना खोकला लागला. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. आरोग्य शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि जाता जाता वर शेरा मारला, की यंदा वसतिगृह उघडण्याआधी खोलीतली हवा तपासून घ्यावी. बाकी गावानं तो शेरा ऐकून सोडून दिला असता, पण ऊसतोडीला जाणाऱ्या सवितानं तो धरून ठेवला. तिची जया पाचवीत होती आणि गेल्या साली सगळ्यांत जास्त खोकली होती ती तीच. सवितानं बाईंना तोंडावर सांगितलं होतं, हवा चांगली निघाली तर पोरगी ठेवीन, न्हाईतर माझ्यासंगं नेईन.

नेईन म्हणजे काय, ते यशोधराबाईंना चांगलं ठाऊक होतं. जयाच्या पाठीवर वर्षाचा भाऊ होता. त्याला सांभाळायला, भाकरी थापायला, पाणी आणायला दहा-अकरा वर्षांची पोर म्हणजे घरातलं दुसरं माणूस. या वयात एकदा का उसाच्या फडावर गेली, की पुढच्या साली तिला कोयताच मिळतो. अशा पोरी बाईंनी हाताच्या बोटांवर मोजता येणार नाहीत इतक्या घालवल्या होत्या. आणि जया तर अशी, की धडा वाचायला लागली म्हणजे शेवटच्या बाकावरची उनाड पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. बाईंचा तिच्यावर जीव होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या.

तर बाई कामाला लागल्या. शहाबादी फरशी आधी साध्या पाण्यानं, मग फिनेलनं, आणि मन भरेना म्हणून पुन्हा एकदा फिनेलनं पुसून झाली. सतरंज्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या गेल्या. पाथर्डीहून येणाऱ्या वाल्मिक गुरुजींना गुलाबाच्या वासाचा फवारा आणायला सांगितलं होतं, तो त्यांनी मोगऱ्याचा आणला, म्हणून बोलणी खाल्ली. भागूबाई म्हणाली, हवेचंच बघायचं म्हटल्यावर धूप नको का? मग धूपही झाला, चारी कोपऱ्यांत. शेवटी टेबलावर उदबत्ती खोवून बाईंनी दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. एक तर माळावरची धूळ आत यायला नको, आणि दुसरं म्हणजे एवढा खर्च करून आणलेला वास बाहेर जायला नको.

त्यांच्या या स्वच्छतेच्या वेडावर गाव हसायचं, पण त्याचं मूळ गावाला माहीत नव्हतं. बाई श्रीरामपूरच्या. वडील रेल्वेत रुळांवर काम करायचे. घर दोन खोल्यांचं, पण भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या काचेत तोंड बघावं असं लखलखीत. वडील म्हणायचे, आपल्या घरात बोट फिरवून बघणारी माणसं येतील, त्यांच्या बोटाला धूळ लागता कामा नये. वडील गेले, नोकरी लागली, केस पिकले, तरी त्या बोटाची धास्ती बाईंच्या मनातून गेली नव्हती.

नगरहून आलेला माणूस म्हणजे तिथल्या सावेडीचा चेतन नावाचा तरुण. मोटारसायकलवरून आला होता, पाठीला सॅक, आणि बोलायला गरीब. त्यानं खोलीचं दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि लागोपाठ शिंकत सुटला. भागूबाई लगबगीनं पाणी घेऊन आली. बाईंना वाटलं, प्रवासाची धूळ बाधली असेल.

त्यानं सॅकमधून जेवणाच्या डब्याएवढं एक पांढरं यंत्र काढलं आणि लहान स्टुलावर ठेवलं, निजलेल्या पोराचं नाक जिथं येईल साधारण त्या उंचीवर. यंत्राच्या काचेवर आकडे उमटले आणि चढायला लागले. आकडा चढत होता तशी बाईंची कळी खुलत होती. शिक्षिकाच त्या. आकडा जेवढा मोठा तेवढा चांगला, हा हिशेब त्यांच्या रक्तात भिनलेला. भागूबाईनं दारातूनच विचारलं, किती पडले? बाई हळूच म्हणाल्या, लई पडलेत, अजून चढतायत. तेवढ्यात काच लाल झाली आणि यंत्र कुईं कुईं करायला लागलं. चेतननं रुमाल नाकाला लावला.

"मॅडम," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही या खोलीत काय काय टाकलंय ते एकदा सांगता का?"

बाईंनी सांगितलं. अभिमानानंच सांगायला सुरुवात केली, पण फिनेल, डांबरगोळ्या, मोगरा, धूप असं करत उदबत्तीपर्यंत येईतो समोरच्याचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. चेतननं त्यांना समजावून सांगितलं. यंत्राला सुवास आणि दुर्गंध यातला फरक कळत नाही, त्याला फक्त हवेतली भेसळ कळते. धूर हा धुपाचा असला तरी धूरच, आणि फिनेलच्या वाफा छातीला काही बऱ्या नाहीत. चांगल्या हवेला कसलाच वास नसतो. हवेचे असे गुण द्यायचे असते तर या खोलीला भोपळाच द्यावा लागला असता, असं तो म्हणाला नाही, पण बाईंना ते न म्हणताच ऐकू आलं.

मग त्याची नजर उत्तरेच्या भिंतीकडे गेली. तिथल्या दोन्ही खिडक्यांवर कुठल्याशा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स खिळे मारून ठोकलेला होता. हात जोडून हसणारा भावी सरपंच आतल्या बाजूला तोंड करून होता, म्हणजे रोज रात्री पोरांना झोपताना बघत असणार. हे कुणी केलं, असं चेतननं विचारलं. भागूबाई म्हणाली, मी. उत्तरेचं गार वारं लेकरांच्या छातीत बसायला लागलं, मग काय करायचं हुतं? त्याच भिंतीला लागून बाहेर आंघोळीच्या पाण्याची चूल होती. चेतननं ती बघितली, फ्लेक्स आणि भिंत यांच्यातल्या फटीत बोट घातलं, आणि काजळी लागलेलं ते बोट नुसतं दाखवलं. यशोधराबाईंनी त्या बोटाकडे बघून मान खाली घातली.

बाहेर फाटकापाशी माणसं जमली होती. निकाल काय, असं कुणीतरी विचारलं. चेतन साधा माणूस, खोटं बोलायची सवय नाही. तो म्हणाला, "आज तरी हवा खराब आहे."

एवढं एक वाक्य फाटकातून बाहेर पडलं. ते देवळाच्या पारापर्यंत पोचलं तेव्हा शाळेची हवा वाईट निघाली असं झालं होतं, आणि पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं तेव्हा ते "शाळेत वारं हाय" असं झालं. आमच्या भागात वारं म्हणजे नुसती वाहती हवा नव्हे. वारं अंगात येतं, वारं लागतं, लागलं की सहजी उतरत नाही. म्हाताऱ्यांना लगेच आठवलं की शाळा बांधायच्या आधी तिथं एक पडकी विहीर होती. त्यांतल्या रंगुबाईला तर त्या विहिरीत कोण पडलं होतं तेही आठवलं, फक्त नाव आठवेना. संध्याकाळपर्यंत शाळेच्या फाटकाला लिंबू-मिरची लटकली. बाईंनी ती सोडवून पर्समध्ये टाकली, विज्ञानाच्या तासाला लिंबू उपयोगी पडेल म्हणून, पण तोंडावर हसू नव्हतं.

कारण दिवेलागणीच्या आधी सविता येऊन गेली होती. ती वाऱ्या-बिऱ्याला भिणारी बाई नव्हती. सरळ म्हणाली, "बाई, माझा तुमच्यावर राग न्हाई. पण परवा ट्रॅक्टर निघायचाय. तिकडं खोकली तरी माझ्या डोळ्यांम्होरं तर खोकंल."

बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. पोरीच्या शिक्षणाचं, फडावरच्या धुराचं, पुढच्या सालच्या कोयत्याचं. पण ज्या खोलीसाठी त्या एवढं बोलणार होत्या, ती खोली त्यांनी स्वतःच्या हातानं लाल करून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या स्वच्छतेवर कुणी बोट ठेवलं होतं, आणि ते बोट खरं होतं. त्यांना रडू आलं. त्या रडल्या, अगदी व्हरांड्यात उभ्या राहून, आणि कुणी बघतंय की नाही याचीही पर्वा केली नाही.

चेतन निघायच्या बेतात होता. दुसऱ्या दिवशी त्याला श्रीरामपूरला दुसरं काम होतं. बाईंनी डोळे पुसले आणि त्याला विचारलं, उद्या पुन्हा येता का? हे मी माझ्यासाठी मागत नाही. तो घुटमळला. मग भागूबाईनं त्याच्यासमोर बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा ठेवला, आणि हो म्हणणं त्याला सोपं झालं. खाता खाता त्यानं काय काय करायचं ते सांगितलं. रात्रभर सगळं उघडं टाका. फिनेलऐवजी साध्या पाण्यानं पुसा. सतरंज्या उन्हात घाला. आणि उद्या मी येईन तेव्हा पोरं आत हवीत. रिकामी खोली काय, चांगलीच निघेल. मोजायची ती पोरं झोपतात तेव्हाची हवा.

सकाळी बाई शाळेत आल्या तेव्हा भागूबाई आधीच आलेली होती. एकटीच स्टुलावर चढून उलथन्यानं फ्लेक्सचे खिळे काढत होती. भावी सरपंच एका कानापासून लोंबत होता. बाईंनी तिला खाली उतर म्हटलं, पण ती उतरेना, आणि भिंतीकडे तोंड करूनच बोलायला लागली.

"म्या केलं बाई हे. पोरं खोकायची तशी म्या अजून चिंध्या कोंबायची फटीत. येक येक रात जागली, छातीला तेल लावलं त्यांच्या. आन धूर बी मीच करत हुते."

यशोधराबाईंनी स्टूल धरलं. म्हणाल्या, मीही काल तेच केलं की. तू वारं येऊ नये म्हणून कोंडलंस, मी वास जाऊ नये म्हणून कोंडलं. दोघींनी मिळून इतकी माया केली की लेकरांना श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. भागूबाईला आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि स्टूल डगडगायला लागल्यावर दोघीही घाबरल्या आणि गप्प झाल्या. दोघींनी मिळून उरलेले खिळे काढले. चुलीचे दगड वाल्मिक गुरुजींनी आणि मोठ्या पोरांनी उचलून पार कुंपणाजवळच्या लिंबाखाली नेऊन मांडले. अंगणात सतरंज्या वाळत पडल्या, आणि डांबरगोळ्यांच्या मागे कोंबड्या लागल्या म्हणून त्यांना हाकलायला एका पोराला बसवावं लागलं.

दुपारी चेतन आला तेव्हा निम्मं गाव व्हरांड्यात होतं. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी निघायचा असल्यानं बायांच्या हाताला बांधाबांधीचं काम होतं, पण त्या सगळं टाकून आल्या होत्या. वारं कसं मोजतात ते बघायचं होतं त्यांना. पोरांना भरदुपारी सतरंज्यांवर झोपायला सांगितलं होतं. झोपायचं सोंग घ्यायला सांगितलं की पोरांना जे होतं तेच झालं, एकानं घोरायचा आवाज काढला आणि सगळी ओळ खुसखुसायला लागली. बाईंनी नुसतं बघितलं तेव्हा कुठे गप्प बसली.

चेतननं दार-खिडक्या लावून घेतल्या, खिडकीच्या काचेतून बायांना दिसेल असं यंत्र ठेवलं आणि सांगितलं, आता हा आकडा चढेल, तो दुसऱ्या कशाचा नाही, या पोरांच्या श्वासाचा. आपण बाहेर टाकतो तीच हवा कोंडली की पुन्हा आपणच आत घेतो. आणि आकडा खरंच चढायला लागला. हजाराच्या पुढं गेला, अजून पुढं गेला. यशोधराबाईंनी नकळत आपलाच श्वास रोखून धरला होता. मग चेतननं उत्तरेच्या खिडक्या वीतभर उघडल्या आणि समोरच्या भिंतीतली वरची झडप उघडली. पारावरून, माळावरून, कुठूनसं सरळ साधं वारं आत आलं, आणि आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत हजाराच्या खाली येऊन थांबला. काच हिरवी झाली.

"रात्री एवढ्या खिडक्या उघड्या ठेवा," चेतन म्हणाला. "पांघरुणं जास्त घाला, पण खिडकी लावू नका. एवढं केलंत तर माझी काही हरकत नाही."

रंगुबाईनं हळूच विचारलं, म्हणजे वारं गेलं का? चेतन म्हणाला, गेलं नाही आजी, आलं. यावर बाया मोकळेपणानं हसल्या, आणि एकेक जण आपल्या पोराला बघून बांधाबांधीला परत फिरली.

सविता हसली नाही, आणि गेलीही नाही. ती दारात उभी होती. शेजारी जया, कडेवर भावाला घेऊन. जया आत गेली नव्हती, तिला आईनं अजून जा म्हटलं नव्हतं. गप्प बसणं यशोधराबाईंना कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी त्या गप्प बसल्या. जे सांगायचं ते यंत्रानं सांगून झालं होतं, आणि उरलेलं आईनं ठरवायचं होतं.

सविता त्या हिरव्या काचेकडे बघत होती. मग तिनं चेतनला विचारलं, "दादा, हे यंत्र आमच्या कोपीत ठिवलं तर काय दावील?"

कोपी म्हणजे फडावरची झोपडी. चार बांबू, वर उसाचं पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आत रांगत जावं लागतं, आणि थंडीच्या दिवसांत चूल आतच पेटवतात. बिऱ्हाड सगळं त्याच चुलीभोवती झोपतं. चेतननं बाईंकडे बघितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या.

"मोजल्याशिवाय कसं सांगू, ताई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर येतो मी तिकडं. सुट्टीच्या दिवशी येईन."

"नगं," सविता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "कळून काय करायचं? आमाला ऱ्हायचं तिथंच हाय."

सवितानं जयाच्या कडेवरचं पोर उचललं आणि आपल्या कडेवर घेतलं. जयाचे हात एकदम मोकळे झाले, ते कुठं ठेवावेत हे तिला कळेना. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला उंबऱ्याच्या आत ढकललं.

"भागूमावशी, हिला खिडकीखाली निजवा," ती म्हणाली.

थंडी वाजंल गं तिला, असं भागूबाईच्या तोंडावर आलं होतं. ते तिनं गिळलं, दोन सतरंज्या सरकवल्या आणि खिडकीखाली जयापुरती जागा केली.